माळावरची पंगत

जव्हारजवळच्या शिरपामाळाचे नाव शिरपेचाशी, म्हणजे पागोट्यावर खोवल्या जाणाऱ्या मानाच्या तुऱ्याशी, जोडले जाते. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला आणि जव्हारच्या मुकणे राजांनी त्यांचा सन्मान केला, अशी परंपरा आहे. मुक्काम म्हटला की उघड्यावर चूल आणि उघड्यावरच पंगत हे ओघानेच येते, परंतु कुटुंबाने घराबाहेर जेवण्याचा महाराष्ट्रातील जुना प्रघात लष्करी नसून धार्मिक आहे. कार्तिकातील आवळीभोजनात, म्हणजे आवळ्याच्या झाडाची पूजा करून त्याच्याच सावलीत जेवण्याच्या प्रथेत, बायकामुलांसह सारे घर रानात जात असे, मात्र अन्न घरचेच असे. विकतच्या जेवणाची खानावळ मुंबईत वाढली ती प्रामुख्याने घरापासून दूर राहणाऱ्या गिरणी कामगारांसाठी, त्यामुळे तेथे कुटुंबाला जागा नव्हती. पुढे हॉटेलांनी ‘फॅमिली रूम’, म्हणजे स्त्रियांसाठी आडोशाचा कक्ष, काढला, जो आदरापेक्षा संकोचाचाच पुरावा मानावा लागेल. अंगणात खुर्च्या मांडणाऱ्या आजच्या हॉटेलाने तो आडोसा काढला, एवढे श्रेय त्याला द्यावे. जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी घरांचे रोजचे अन्न असलेली नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी मात्र अशा हॉटेलांच्या पाटीवर पनीरच्या भाज्यांनंतरच येते.