‘एक्स-मेन’चें पुनरागमन आणि टीकाकार

लोकांच्या आवडीची एखादी जुनी कथा कांहीं वर्षांनंतर पुन्हां सांगावयास घेतली म्हणजे सांगणाऱ्यापुढें दोन संकटें उभीं राहतात. ती जशीच्या तशी सांगावी, तर शिळ्या कढीला ऊत आणला असें जाणते लोक म्हणतात; तींत बदल करावा, तर लहानपणच्या ठेव्याला हात लावला म्हणून जुने चाहते रुष्ट होतात. जुनें संगीत नाटक नव्या संचांत उभें राहिलें कीं प्रेक्षकांचे कान आधीं जुन्या चालींकडेच लागतात, हा अनुभव मराठी रसिकांस अपरिचित नाहीं. अमेरिकेंत १९९७ सालीं संपलेली ‘एक्स-मेन’ ही अतिमानव वीरांची दूरचित्रवाणी मालिका २०२४ सालीं पुन्हां अवतरली, तेव्हां तिला याच कसोटीस उतरावें लागलें.

या वीरांचा जन्म १९६३ सालचा. स्टॅन ली व जॅक कर्बी या दोघांनीं मार्व्हल कंपनीच्या चित्रकथांसाठीं ते निर्माण केले. त्यांची शक्ति तपश्चर्येनें किंवा अपघातानें मिळालेली नाहीं. ती जन्मतःच अंगीं आलेली आहे, आणि तेवढ्याच कारणानें शेजारीपाजारी त्यांचा द्वेष करतात. अशा लोकांस कथेंत ‘म्यूटंट’ म्हणतात. जो समाज आपल्याला भितो, त्याचेंच रक्षण करावयाचें, हें या वीरांचें व्रत. परंतु कथेला पुरेसा वाचकवर्ग मिळेना. १९७० पासून १९७५ पर्यंत त्यांच्या मासिकांत नवी गोष्ट नव्हती, जुन्याच गोष्टी पुन्हां छापल्या जात. १९७५ सालीं लेन वीन व डेव्ह कॉक्रम यांनीं केनियांतून आलेली स्टॉर्म, कॅनडाचा वुल्व्हरीन, जर्मनीचा नाइटक्रॉलर व रशियाचा कोलोसस अशीं नवीं माणसें आणलीं. पुढें क्रिस क्लेअरमाँट यांनीं १९९१ पर्यंत ही कथा चालविली आणि ती कंपनीच्या सर्वांत लोकप्रिय कथांपैकीं एक झाली. पुनर्मुद्रणानें कथेचें नांव राहिलें होतें. प्राण आला तो नव्या माणसांनीं.

याच कथेवरून ३१ ऑक्टोबर १९९२ रोजीं फॉक्स वाहिनीवर हालत्या चित्रांची मालिका सुरू झाली. ती मुलांसाठीं होती. तथापि पहिल्याच दोन भागांत म्यूटंटांची गुप्त नोंदवही, त्यांना धरावयास निघालेले ‘सेंटिनेल’ नांवाचे प्रचंड यंत्रमानव, आणि मॉर्फ नांवाच्या सोबत्याचें धारातीर्थीं पडणें, एवढें सारें होतें. मॉर्फ पुढें परत आला, ही गोष्ट निराळी. पण मुलांच्या कार्यक्रमांत मृत्यूला असें स्थान क्वचितच मिळे. पांच हंगाम व ७६ भाग झाल्यावर २० सप्टेंबर १९९७ रोजीं मालिका संपली. शेवटीं मरणोन्मुख गुरु झेव्हियर उपचारांसाठीं पृथ्वी सोडून जातात आणि शिष्य मागें राहतात.

पुनरागमनाची घोषणा नोव्हेंबर २०२१ मध्यें झाली. घोषणेबरोबर शंकाही आल्या. जुन्या आठवणी विकून पैसा करण्याचा हा आणखी एक उद्योग, असा कित्येकांचा ग्रह होता. मॉर्फ हें पात्र स्वतःस पुरुष वा स्त्री यांपैकीं कांहींच मानीत नाहीं, असें जाहीर होतांच, मुलांच्या गोष्टींत राजकारण घुसडलें, अशी ओरड झाली. जन्मजात वेगळेपणामुळें बहिष्कृत झालेल्यांचीच ही कथा पहिल्यापासून आहे, याचें ओरडणारांस विस्मरण झालें होतें. त्यांतच मुख्य लेखक ब्यो डिमेयो यांना मालिका सुरू होण्याच्या थोडेच दिवस आधीं कामावरून दूर करण्यांत आलें.

२० मार्च २०२४ रोजीं ‘एक्स-मेन ’९७’ या नांवानें मालिका डिझ्ने प्लसवर आली. तीच आरंभींची धून, तेंच रेखाटन. वुल्व्हरीनला कॅल डॉड यांचा आणि रोगला लेनोर झॅन यांचा पूर्वींचाच आवाज. झॅनबाई तर मधल्या काळांत कॅनडाच्या संसदेंत निवडून जाऊन आल्या होत्या. रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर एकत्र केलेल्या परीक्षणांपैकीं शेकडा ९५ हून अधिक अनुकूल ठरलीं. परंतु आरंभींची स्तुति बव्हंशीं साम्याची होती: जुनें होतें तसें सांपडलें, याचा तो आनंद होता. दोषही दाखविले गेले. मुख्य दोष घाईचा. मॅडलिन प्रायरची जी कथा चित्रकथेंत १९८३ पासून १९८९ पर्यंत पसरली होती, ती येथें जवळजवळ एका भागांत उरकली गेली.

मग १० एप्रिल रोजीं पांचवा भाग आला. जेनोशा हें बेट जुन्या मालिकेंत म्यूटंटांच्या गुलामगिरीचें स्थान होतें. तें आतां त्यांचें स्वतंत्र राष्ट्र झालें आहे, जगानें त्याला मान्यता दिली आहे, उत्सव चालला आहे. आणि त्याच रात्रीं एक राक्षसी सेंटिनेल येऊन हजारोंचा संहार करतो. त्याला थोपवितांना गॅम्बिट हा सर्वांचा लाडका वीर प्राण देतो. जेनोशाचा संहार २००१ सालच्या एका चित्रकथेंत येऊन गेला होता; तरी प्रेक्षक हादरले. डिमेयो यांनीं त्यानंतर जाहीरपणें सांगितलें कीं, जुनी मालिका पाहणाऱ्या मुलांचें सुरक्षित जग २००१ सालीं न्यूयॉर्कवरील हल्ल्यानें भंगलें, त्याचेंच हें प्रतिबिंब आहे. २०१६ सालीं ऑर्लँडोच्या पल्स नृत्यगृहांत झालेल्या हत्याकांडाचीही त्यांनीं आठवण दिली.

येथून टीकाकारांची भाषा पालटली. साम्याची चर्चा मागें पडली; या कथेला आज कांहीं सांगावयाचें आहे, असें लिहिलें जाऊं लागलें. एमी पारितोषिकासाठीं मालिकेचें नामांकन झालें, तें याच भागाबद्दल. पारितोषिक ‘ब्लू आय सामुराय’ या मालिकेस मिळालें. १५ मे रोजीं दहावा भाग होऊन हंगाम संपला, तेव्हां शेवटचे भाग घटनांनीं फार गजबजले आहेत, ही तक्रार राहिलीच. पण जुन्या आठवणींचा नुसता व्यापार, हा पहिला आक्षेप फारसा कोणी उच्चारीनासें झालें.

१९७० नंतर जुनीं पानें पुन्हां छापून जें साधलें नाहीं, तें १९७५ सालीं नव्या माणसांनीं साधलें. २०२४ सालीं पुन्हां तेंच घडलें. जुन्या मंदिराला नुसती सफेदी देणें निराळें आणि ढासळलेली भिंत उतरवून पुन्हां बांधणें निराळें. भिंत उतरवितांना भाविकांच्या पोटांत गोळा येतो; पण दिवा लावावयाचा, तर भिंत उभी असावी लागते. १९९२ सालचीं मुलें २०२४ पर्यंत चाळिशीला आलीं होतीं, आणि मधल्या वर्षांत त्यांनीं पुष्कळ पाहिलें व पुष्कळ गमावलें होतें. त्यांच्यापुढें बाळपणचा खेळणा ठेवला असता, तर तीं घटकाभर हंसलीं असतीं. नव्या मालिकेनें त्यांना त्यांचें दुःख सांगितलें, आणि म्हणूनच टीकाकारांनीं तिला आठवणींच्या दुकानांतून उचलून कलाकृतींच्या पंक्तीला बसविलें.