हाक, ओ आणि मधली शांतता

इतिहास म्हटला की आपल्याला गडकिल्ले आणि सनावळ्या आठवतात. पण आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यालाही इतिहास आहे बरं का, आणि तो सहसा कोणी शिकवत नाही. आज त्यातलंच एक पान.

कामावर नवीन मुलं येतात तेव्हा त्यांना लवकरच एखादी 'सर्व्हिस' लिहायला बसवतात. म्हणजे काय, तर एका मशीनवरचा प्रोग्राम दुसऱ्या मशीनवरच्या प्रोग्रामला हाक मारतो, काम सांगतो आणि उत्तर घेतो. हल्ली हे अर्ध्या तासात जमतं. मग मी त्यांना एकच प्रश्न विचारतो : हाक मारली आणि ओ आलीच नाही, तर काय समजायचं? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं. "काम झालं नाही असं समजायचं आणि पुन्हा हाक मारायची." हे उत्तर चुकीचं आहे. का, ते समजायला चाळीसेक वर्षं मागे जावं लागतं.

कॅलिफोर्नियात पालो आल्टोला झेरॉक्स कंपनीची 'पार्क' नावाची प्रयोगशाळा होती. तिथल्या अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी १९८४ साली 'रिमोट प्रोसिजर कॉल' म्हणजे आरपीसी कसं बांधायचं, यावर एक निबंध लिहिला. कल्पना झकास होती. दूरच्या मशीनवरचं फंक्शनही घरच्या फंक्शनसारखंच बोलावता यावं. मधली पाकिटं बांधणं-सोडणं 'स्टब' नावाचा छोटा प्रोग्राम करील, आणि तो स्टबही हाताने लिहावा लागणार नाही.

पण ही माणसं प्रामाणिक होती. त्यांनी हमी नेमकी केवढी, ते स्पष्ट लिहिलं. उत्तर आलं तर काम एकदाच झालं. उत्तराऐवजी एरर आली तर काम एकदा झालं असेल, नाहीतर झालंच नसेल. यातलं काय झालं, ते हाक मारणाऱ्याला कळायला मार्ग नाही. तीच हाक दोनदा पोचली तर ओळखता यावी म्हणून प्रत्येक हाकेला त्यांनी वेगळी ओळखखूण दिली. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, बिरेलने या हाका कुलूपबंद कशा करायच्या आणि समोरच्याची ओळख कशी पटवायची, यावर वेगळा निबंध लिहिला. म्हणजे भरवसा आणि सुरक्षा, दोन्हींचा विचार पहिल्याच फेरीत झाला होता!

पुढे मात्र लोकांनी यातली गोडी तेवढी उचलली आणि सावधगिरी सोडून दिली. १९९१ मध्ये कॉर्बा आलं, १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टचं डीकॉम आलं. सगळ्यांचा सूर एकच, की ऑब्जेक्ट कुठल्या मशीनवर आहे ते विसरून जा. खरं तर १९९४ मध्येच सन कंपनीतल्या जिम वाल्डो आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी बजावलं होतं, की हा फरक पुसता येणार नाही. एकाच मशीनवर बिघाड झाला तर सगळं एकदम बंद पडतं, घोळ नाही. नेटवर्कवर मात्र एक मरतो आणि दुसऱ्याला पत्ताच नसतो. सनमधल्याच पीटर डॉइचने प्रोग्रामर मंडळींच्या खोट्या समजुतींची यादी केली होती. त्यात 'नेटवर्क भरवशाचं असतं' ही होती आणि 'नेटवर्क सुरक्षित असतं' हीसुद्धा.

दुसऱ्या समजुतीची किंमत २००३ मध्ये मोजावी लागली. विंडोजमधल्या डीकॉमच्या आरपीसीत एक भोक सापडलं. ओळख न पटवता बाहेरचा कोणीही त्यातून आत येऊ शकत होता. १६ जुलैला पॅच निघाला, आणि ११ ऑगस्टला 'ब्लास्टर' नावाचा वर्म सुटला. ज्यांनी पॅच लावला नव्हता त्यांची मशीनं आपोआप रीस्टार्ट होऊ लागली.

त्याआधीच, २००० सालापर्यंत, 'सोप' आलं होतं. (नावातच 'सिंपल', पण वापरणाऱ्यांना विचारा किती सोपं ते!) ते वेबच्याच वाटेने जायचं, त्यामुळे फायरवॉल त्याला अडवत नसे. याचं कौतुक झालं, पण हा गुण नसून धोका आहे, असं ब्रूस श्नायर या सुरक्षातज्ज्ञाने त्याच वर्षी लिहिलं. निरोपावर सही आणि कुलूप कसं लावायचं याचं प्रमाण, डब्ल्यूएस-सिक्युरिटी, मंजूर व्हायला एप्रिल २००४ उजाडला. त्याच वर्षी सोपच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या डॉन बॉक्सने सर्व्हिसची चार तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलं काय, तर सीमा उघड दिसू द्या. थोडक्यात काय, वीस वर्षं सीमा लपवण्यात घालवून धंदा पुन्हा बिरेल-नेल्सनच्या उंबरठ्यावर आला.

हे सगळं तिकडचं झालं, आपला काय संबंध? संबंध खिशाशी आहे. मुंबईच्या एनपीसीआयने २०१६ मध्ये यूपीआय सुरू केलं. तुम्ही मित्राला पैसे पाठवता, तुमच्या खात्यातून जातात, त्याच्या खात्यात येत नाहीत आणि फोनवर नुसतं 'पेंडिंग'. हीच ती मधली शांतता! इथे कोणी 'झालं नाही' समजून पुन्हा पैसे पाठवले, तर दोनदा जाऊ शकतात. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात याची सोय केली. अशा व्यवहाराचे पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. बिरेल-नेल्सनने एका वाक्यात सांगितलेली अनिश्चितता इथे नियमात उतरली.

म्हणून सर्व्हिस शिकणाऱ्यांना मी चार सवयी सांगतो. प्रत्येक मागणीला स्वतःचा क्रमांक द्या, म्हणजे तीच मागणी दोनदा आली तरी काम एकदाच होईल. किती वेळ थांबायचं ते आधी ठरवा. गूगलने २०१५ मध्ये खुलं केलेलं जीआरपीसीसुद्धा तुम्ही मुदत दिली नाहीत तर स्वतःहून ठरवत नाही. ओ आली नाही तर त्याच क्रमांकाने आधी चौकशी करा. आणि हाक मारणारा घरचाच आहे असं कधीही गृहीत धरू नका, आतल्या नेटवर्कवरसुद्धा.

असो. फ्रेमवर्क दर पाच वर्षांनी बदलतात, बदलू देत. पण त्या शांततेत कोणाचा तरी पगार अडकलेला असतो, कोणाची तरी फी. तो माणूस स्टब बघत नाही, 'पेंडिंग' बघतो.