शिलोहाचा बुरूज आणि किल्लारी

ज्युबिलीच्या निमित्ताने गतकाळाचे सिंहावलोकन करिताना किल्लारीचे स्मरण आम्हांस टाळवत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत धरणीकंप होऊन ७,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी होती. गणपतिविसर्जन आटोपून लोक निजले होते. आम्ही तेव्हा सेमिनरीत होतो. 'हे पापाचे शासन' असे कोणी म्हणाले, तेव्हा आम्हीही मान डोलाविली. ती चूक आज कबूल करितो.

पोर्तुगालची राजधानी लिस्बन हिचा १७५५ साली असाच नाश झाला, तो दिवस सर्व संतांच्या सणाचा होता. मिस्सेला आलेले भाविक देवळांतच गाडले गेले. तेथेही मालाग्रिदा नामक येशूसंघीय धर्मगुरूने हे पापांचेच फळ असे छापून प्रसिद्ध केले. परंतु शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले १८ जण इतरांहून अधिक पापी नव्हते, असे प्रभूने स्पष्ट सांगितले (लूक १३). पश्चात्तापाचा बोध त्याने केला तो जिवंतांस.

किल्लारीत घात केला तो मातीत रचिलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्याने. तेव्हा आपला पश्चात्ताप हाच की, मृतांचा न्याय करणे सोडावे, आणि शेजाऱ्याची भिंत मजबूत आहे की नाही, हे त्याच्या हयातीतच पाहावे.