काका की मामा? : वेताळाचा प्रश्न आणि सांकेतिक नात्यांचे बीजगणित

जयपूरच्या गोपालपुरा बायपासवर स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांची दाटी आहे. तेथील पुस्तकांच्या दुकानांत तर्कक्षमतेचे कोणतेही मार्गदर्शक उघडले, तरी त्यात 'रक्तसंबंध' हे प्रकरण असते आणि त्याच्या अखेरीस 'सांकेतिक रक्तसंबंध' हा उपप्रकार असतो. त्याची रीत ठरलेली आहे. 'क + ख' म्हणजे क हा ख चा पिता. 'क ÷ ख' म्हणजे क ही ख ची माता. 'क × ख' म्हणजे क हा ख चा भाऊ. 'क # ख' म्हणजे क ही ख ची पत्नी. मग 'प × म ÷ र' अशी एखादी साखळी देऊन प हा र चा कोण, असे विचारले जाते. प हा म चा भाऊ, म ही र ची आई. म्हणून प हा र चा मामा. चार पर्यायांपैकी एकच बरोबर असतो आणि तो साठ सेकंदांच्या आत शोधावयाचा असतो.

या प्रश्नप्रकाराकडे साहित्याच्या अभ्यासकाने का पाहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, नात्याचे कोडे हा परीक्षामंडळांनी लावलेला शोध नाही. तो कथावाङ्मयाचा फार जुना ऐवज आहे. या कोड्याच्या इतिहासात जयपूरलाही एक स्थान आहे. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन एवढेच आहे की, सांकेतिक चिन्हांमुळे नाते भाषेपासून मुक्त होते हा समज फसवा आहे. चिन्हांची साखळी सोडवून झाल्यावर उत्तर द्यावयाचे ते कोणत्या तरी भाषेतल्या नातेवाचक शब्दानेच, आणि तो शब्द त्या समाजाची विवाहरीत आपल्याबरोबर घेऊन येतो.

एक

सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त (अकरावे शतक, काश्मीर) वेताळाच्या कथांची मालिका आली आहे. तिच्यातील चोविसावी कथा नात्याच्या कोड्याची आहे. पतीच्या मृत्यूनंतर राणी चंद्रवती आणि तिची कन्या लावण्यवती अरण्यात पळून जातात. शिकारीस निघालेले चंडसिंह आणि त्याचा पुत्र सिंहपराक्रम यांना दोन स्त्रियांची पाऊले उमटलेली दिसतात. एक जोडी मोठी, एक लहान. मोठ्या पावलांची ती आई असणार, असे धरून पित्याने तिच्याशी आणि पुत्राने लहान पावलांच्या स्त्रीशी विवाह करावा, असा दोघांचा करार होतो. प्रत्यक्षात मुलीची पाऊले मोठी निघतात. दिलेला शब्द मोडावयाचा नाही, म्हणून पिता मुलीशी आणि पुत्र आईशी विवाह करतो. दोन्ही जोडप्यांना झालेल्या मुलांचे परस्परांशी नाते काय, हा वेताळाचा प्रश्न. एरवी प्रत्येक कोडे उलगडणारा राजा येथे प्रथमच गप्प राहतो, आणि त्याच्या मौनानेच वेताळ प्रसन्न होतो.

या कथेचा पाया सांकेतिक वाचनाचा आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पाऊल हे चिन्ह, माता हा त्याचा अर्थ. संकेत चुकतो, पण त्यावर बांधलेला करार पाळला जातो, आणि चुकलेल्या संकेतातून खरी माणसे, खरी नाती जन्माला येतात.

ही कथामाला ब्रजभाषेत आली ती जयपूरच्या आश्रयाने. 1727 मध्ये हे नगर वसविणाऱ्या सवाई जयसिंहाच्या आज्ञेवरून सुरती मिश्र यांनी ती संस्कृतातून ब्रजभाषेत उतरविली, असे परंपरा सांगते. त्या ब्रज पाठाच्या आधाराने फोर्ट विल्यम महाविद्यालयात मजहर अली खाँ 'विला' आणि लल्लूलाल यांनी 1805 मध्ये 'बैताल पचीसी'चे हिंदुस्थानी रूप सिद्ध केले. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' 1830 च्या सुमारास आली. जयसिंहाच्याच दरबारात जगन्नाथ सम्राट यांनी युक्लिडची भूमिती अरबीवरून 'रेखागणित' या नावाने संस्कृतात आणली होती. गृहीतकांवरून निष्कर्षाकडे नेणारे शास्त्र आणि निष्कर्षापाशी मौन धरणारी कथा, या दोहोंना एकाच दरबाराचा आश्रय लाभला होता.

दोन

राजा गप्प राहिला, पण प्रश्नाला उत्तर नव्हते असे नाही. चंडसिंह आणि लावण्यवती यांचा मुलगा क, तर सिंहपराक्रम आणि चंद्रवती यांचा मुलगा ख, असे मानू. क हा सिंहपराक्रमाचा सावत्र भाऊ. म्हणून तो ख चा काका. ख हा लावण्यवतीचा, एकाच आईच्या पोटचा भाऊ. म्हणून तो क चा मामा. एक दुसऱ्याचा काका, दुसरा पहिल्याचा मामा. आणि त्याच वेळी एक भाचा, दुसरा पुतण्या. उत्तरे दोन आहेत आणि दोन्ही खरी आहेत. राजाला अडचण पडली ती एकच उत्तर देण्याची.

युरोपात हेच कोडे वेताळकथेच्या सोमदेवकृत पाठाआधी नोंदले गेले आहे. आल्क्विन (मृत्यू 804) याच्या नावावर असलेल्या, तरुणांच्या बुद्धीला धार लावण्यासाठी रचलेल्या लॅटिन कोड्यांच्या संग्रहात पिता-पुत्र आणि विधवा-कन्या यांच्या अशाच उलट विवाहांचा प्रश्न आहे. दोन्ही पाठांचा परस्परांशी संबंध होता असे मानण्यास आधार नाही. विवाहाचे नियम असणाऱ्या कोणत्याही समाजाला त्या नियमांच्या टोकाशी हे कोडे सापडू शकते, एवढेच म्हणता येईल. मात्र शब्दांतला फरक महत्त्वाचा आहे. लॅटिनमध्ये मराठीप्रमाणेच चुलत्यासाठी 'पात्रुउस' आणि मामासाठी 'आवुन्कुलुस' असे वेगळे शब्द होते. इंग्रजीतला 'अंकल' हा यांतील दुसऱ्या, मामावाचक शब्दापासून आलेला असून त्याने काका, मामा, आतोबा आणि मावसा या चौघांनाही पोटात घेतले. इंग्रजीत हे कोडे सोडविले, तर दोन्ही मुले परस्परांचे 'अंकल' ठरतात. कोड्यातली गंमत राहते, पण पितृकुल आणि मातृकुल यांचा फरक पुसला जातो.

एकोणिसाव्या शतकात लुइस कॅरोलने 'अ टँगल्ड टेल' (1885) या पुस्तकात या कोड्याला नवे वळण दिले. एका राज्यपालाला अगदी लहान मेजवानी द्यावयाची आहे. तो वडिलांचा मेहुणा, भावाचा सासरा, सासऱ्याचा भाऊ आणि मेहुण्याचा बाप यांना बोलावतो. तर पाहुणे किमान किती? उत्तर एक. उत्तराच्या स्पष्टीकरणात कॅरोलने पुरुषांसाठी मोठी आणि स्त्रियांसाठी लहान रोमन अक्षरे योजली आहेत. आजच्या सांकेतिक प्रश्नाची लिपी येथे जवळजवळ तयार झालेली दिसते. हे उत्तर जुळावयाचे, तर दुसऱ्या लग्नाची पळवाट वगळता, घरातल्या कोणीतरी मामे, आते किंवा मावस बहिणीशी विवाह केलेला असणे भाग आहे. एकच माणूस दोन वाटांनी नातलग झाल्याशिवाय चार आमंत्रणे एका पानावर बसत नाहीत.

तीन

नात्यांच्या चिन्हलेखनाला शास्त्राची प्रतिष्ठा दिली ती मानववंशशास्त्राने. लुइस हेन्री मॉर्गन याने प्रश्नावल्या जगभर पाठवून मिळविलेली नातेवाचक शब्दांची कोष्टके 1871 मध्ये प्रसिद्ध केली. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स याने तोडांचा अभ्यास करताना (ग्रंथ 1906) वंशावळीची पद्धत वापरली आणि 1910 मध्ये तिची स्वतंत्र मांडणी केली. पिता, माता, अपत्य, पती, पत्नी एवढ्या मोजक्या संबंधांवरून संपूर्ण वंशावळ उभी करावयाची, असे तिचे सूत्र आहे. सांकेतिक प्रश्नातली चिन्हे ही याच मूळ संबंधांची संक्षिप्त रूपे होत. परंतु रिव्हर्सची वाट उलट दिशेची होती. तो आधी खऱ्या माणसांची नावे विचारी आणि मग, यांना तुम्ही काय म्हणता, असे विचारी. त्या भाषेतला शब्द हे त्याचे गन्तव्य होते. परीक्षेत माणसे गळून पडली, चिन्हे उरली आणि शब्द आधीच ठरलेला आहे असे गृहीत धरले गेले. मालिनोव्हस्कीने 1930 मध्ये नात्यांच्या अशा बीजगणिताविषयी जी नापसंती दाखविली होती, ती येथे आठवते.

चार

मराठीत काय घडते? आरंभीच्या साखळीला आणखी एक जोड देऊ : 'प × म ÷ र' आणि 'प + स # र'. पहिल्या साखळीने प हा र चा मामा. दुसरीने प हा स चा पिता आणि स ही र ची पत्नी. म्हणून प हा र चा सासरा. मार्गदर्शक पुस्तकांतल्या प्रश्नांत सहसा न येणारी ही रचना महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत नित्याची आहे. इरावती कर्वे यांनी 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (1953) या ग्रंथात महाराष्ट्राला मध्यवर्ती विभागात ठेवून, येथील अनेक जातींत मामाच्या मुलीशी विवाह मान्य असल्याचे नोंदविले आहे. राजस्थानही त्यांनी त्याच विभागात घातला. मात्र जयपूर परिसरातल्या बहुतेक समाजांत आईचे गोत्र टाळण्याचा दंडक आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने भाऊ-बहिणीच्या मुलांचा परस्परविवाह निषिद्ध ठरविला, पण रूढी असेल तेथे तो वैध ठेवला.

या रूढीची साक्ष भाषा देते. अनेक घरांत जावई सासऱ्याला 'मामा' म्हणतो. जुन्या वळणाच्या घरांत सून सासूला 'आत्याबाई' म्हणत असे. मामाच्या मुलीशी विवाह झाला, तर त्या मुलीची सासू तिची आत्याच असते. म्हणजे दोन्ही संबोधने एकाच विवाहाच्या दोन बाजू आहेत. सासऱ्यासाठी वापरले जाणारे 'मामंजी' मात्र या हिशेबात बसत नाही. त्या विवाहात तो मुलीचा आतोबा ठरावयास हवा. हे संबोधन दोन्ही बाजूंनी होणाऱ्या देवघेवीचा अवशेष मानावे, की 'मामा' या शब्दाचा आदरार्थी विस्तार? प्रस्तुत लेखकाला दुसरा पर्याय अधिक संभाव्य वाटतो. काहीही असले, तरी प्रत्यक्ष नाते नसलेल्या घरांतही ही संबोधने रूढ झाली. विवाह परका झाला, तरी शब्द आप्त राहिला.

येथे मराठीचा अभिमान बाळगण्याचेही फारसे कारण नाही. 'मेहुणा' या एका शब्दात आपण पत्नीचा भाऊ आणि बहिणीचा नवरा यांना एकत्र करतो. हिंदी 'साला' आणि 'बहनोई' असे वेगळे करते. आपली 'जाऊ' हिंदीत 'देवरानी' आणि 'जेठानी' अशी विभागली जाते. प्रत्येक भाषा काही फरक जपते, काही सोडून देते. म्हणूनच एका भाषेत रचलेला नात्याचा प्रश्न दुसऱ्या भाषेत नेला, की तो अधिक सोपा तरी होतो, अधिक अवघड तरी होतो, किंवा चुकीचा तरी ठरतो.

पाच

केंद्रीय लोकसेवा आयोगाने 2011 पासून पूर्वपरीक्षेत कलचाचणीची प्रश्नपत्रिका आणली. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने 2013 मध्ये तोच मार्ग धरला. 2014 च्या आंदोलनात केंद्रीय प्रश्नपत्रिकेच्या हिंदी अनुवादाविषयीच्या तक्रारी पुढे आल्या, आणि 2015 पासून ती प्रश्नपत्रिका 33 टक्क्यांची पात्रता परीक्षा ठरली. केंद्रीय परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक-तृतीयांश गुण कापले जातात. अशा ठिकाणी 'कझिन' या शब्दाचा मराठी अनुवाद करणाऱ्यापुढे चुलत, मामे, आते, मावस गुणिले भाऊ, बहीण असे आठ शब्द उभे राहतात. त्याने नेमका शब्द निवडला, तर उत्तर फुटते. सोयीसाठी 'चुलत भाऊ' लिहिले, तर मामेभावाचे उत्तर चुकीचे ठरते. 'प हा र चा कोण' या प्रश्नावर मामा आणि सासरा हे दोन्ही पर्याय दिसताच, ज्या मुलाच्या घरी हे दोघे एकच आहेत, तो क्षणभर थबकतो. त्याचा तर्क कच्चा नसतो. त्याला वस्तुस्थिती अधिक माहीत असते.

उपाय अवघड नाही. विवाहाविषयीचे गृहीतक प्रश्नात लिहिले पाहिजे, आणि प्रश्न अनुवादित न करता त्या त्या भाषेत रचला पाहिजे. भूमितीच्या ग्रंथात गृहीतके आधी मांडली जातात, ही शिस्त जयसिंहाच्या दरबारालाही परिचित होती. ती पाळली नाही, तर उमेदवाराला वेताळासमोरच्या राजाच्या जागी उभे राहावे लागते. राजाच्या मौनाला वेताळाने शहाणपण मानले. उत्तरपत्रिकेत त्याच मौनाला शून्य गुण मिळतात.