झाकण कुठे ठेवायचं?

१९८४च्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशनच्या बोस्टन शाखेच्या सभेला गेले. पुण्यात फिजिक्स शिकलेली, लग्न होऊन अमेरिकेत आलेली मी तेव्हा एका कंपनीत संगणकाची मॅन्युअल्स लिहीत होते. तिथे माझ्यासारखं काम करणारी मी एकटीच.

भाषण मला काहीच आठवत नाही. आठवतात ती जेवणानंतर कॉफी घेत रेंगाळणारी म्हातारी माणसं. त्यांतल्या एकांना मी मनातल्या मनात काका म्हणायचे. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलासाठी रडारच्या पुस्तिका लिहिल्या होत्या. जहाजावर रात्री लाल दिवे असतात, डोळे अंधाराला सरावलेले राहावेत म्हणून. धोक्याची सूचना ठळक व्हावी म्हणून ती लाल शाईत छापली, तर त्या उजेडात ती कागदावरून पुसल्यासारखी नाहीशी होते. जी ओळ आधी दिसायला हवी, नेमकी तीच! हे सांगताना काका अजूनही अस्वस्थ व्हायचे. वाचक कुठल्या उजेडात बसलाय हे विचारल्याशिवाय लिहू नये, हे मी त्या टेबलावर शिकले.

लढाई संपली, यंत्रं मात्र वाढत गेली. १९४९ साली जोसेफ चॅपलिन यांनी बायनॅक या संगणकाची वापरपुस्तिका लिहिली. संगणकाची अशी पहिली पुस्तिका म्हणून तिचं नाव घेतात. १९५३मध्ये बोस्टनला एक आणि न्यूयॉर्कला एक, अशा तांत्रिक लेखकांच्या दोन संघटना उभ्या राहिल्या. १९५७मध्ये त्या एक झाल्या, १९६०मध्ये लॉस एंजेलिसची तिसरी येऊन मिळाली. १९७१मध्ये नाव बदलून सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन झालं आणि त्यातून ‘रायटर’ हा शब्दच गेला. काकांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. मलाही नाही.

पण खरी संघटना मला दिसली ती स्पर्धेत. दरवर्षी लोक आपापली मॅन्युअल्स पाठवायचे आणि परीक्षक ती शब्दन्‌शब्द वाचून लेखी शेरे द्यायचे. बक्षीस मिळो न मिळो, शेरे मिळायचेच. फुकट, शनिवार-रविवार घालवून, अनोळखी माणसासाठी! माझ्या पहिल्या मॅन्युअलला बक्षीस नव्हतं. सोबतच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलं होतं: सातव्या पायरीला झाकण काढलं, आठवीला दोन्ही हातांनी कार्ड बसवायचं. मग झाकण कुठे ठेवायचं?

ऑफिसात तो मजकूर चार इंजिनिअरांनी तपासला होता. एकालाही हा प्रश्न पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी मशीनसमोर उभी राहून माझीच पुस्तिका वाचत झाकण काढलं आणि ते हातात धरून तशीच उभी राहिले.

पुढे वीस वर्षं मीही परीक्षक होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर गठ्ठे पसरायचे. मुलं त्यांच्या कडेने जेवायची.

जानेवारी २०२५मध्ये सोसायटी बंद होत असल्याचं जाहीर झालं. दिवाळखोरी. एके काळी वीस हजारांहून जास्त सभासद होते. बातमी वाचली आणि माळ्यावरचं खोकं खाली काढलं. त्या कागदावरची पेन्सिल पुसट झालीये. दिवा जवळ ओढला, तेव्हा अक्षर लागलं.