कुड्याचें शास्त्रीय नांव

पुण्याहून लोणावळ्याकडे जातांना वडगांव व कामशेत ह्यांमध्यें कान्हे हें गांव लागतें. ह्या मावळपट्टींतील डोंगरांवर वैशाखाच्या सुमारास कुड्याचीं झाडें पांढऱ्या फुलांनीं भरतात. कुड्याची साल अतिसारावर देण्याची चाल जुनी आहे. ज्यांच्या संग्रहीं वैद्यकाचीं बाडें आहेत त्यांस हें सांगावयास नको. परंतु ह्या झाडाच्या शास्त्रीय नांवाचा जो घोंटाळा झाला, त्याचें मूळ एका बेटांत आहे.

कोचीचा डच अधिकारी हेन्द्रिक व्हान रेडे ह्याचा मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांचा लातिन ग्रंथ 'होर्तुस मलबारिकुस' आम्स्टरडॅम येथें इ. स. १६७८ ते १६९३ ह्या काळांत छापला गेला. पहिल्या खंडांत इट्टी अच्युतन् वैद्याच्या साक्षीबरोबर रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट ह्या तीन कोंकणी वैद्यांचें एप्रिल १६७५ चें नागरी प्रमाणपत्र कोरलेलें आहे. दोन वर्षें सकाळ-सायंकाळ आपण हें काम केलें, असें ते त्यांत म्हणतात. युरोपांत छापलेली ही पहिली नागरी, असें जें कोणी समजतात तें खरें नव्हे; किर्शरच्या १६६७ च्या 'चायना इलस्ट्राटा'त नागरी अक्षरें आहेत. त्यानें ह्या कागदाचें मोल उणें होत नाहीं. मणिलाल यांचें ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर केरळ विद्यापीठानें २००३ सालीं प्रसिद्ध केल्यापासून तर अभ्यासकांची सोय झाली आहे.

ह्याच खंडांत 'कोडगपाला' म्हणून आपला कुडा आहे. तिकडे सिंहलद्वीपांत पॉल हरमान ह्यानें वाळविलेल्या वनस्पती स्वीडनांत लिनिअसच्या हातीं आल्या. त्यांवरून त्यानें १७४७ त 'फ्लोरा झेलानिका' रचला. पुढें १७५३ त बेटांतील एक झुडूप व मलबारचा कुडा एकच समजून त्यानें दोहोंस 'नेरिअम अँटिडिसेंटेरिकम', म्हणजे अतिसारहारक, हें नांव दिलें. नमुना बेटांतला, गुण मात्र आमच्या कुड्याचा, असें दिसतें! नामकरणाच्या नियमांनीं तें विशेषण आज सिंहली झुडपाकडे, राइटिआ ह्या कुळींत, राहिलें आहे. कुड्यास शास्त्रज्ञ 'होलॅऱ्हेना प्युबेसेन्स' म्हणतात. औषधांच्या पुस्तकांत जुनें विशेषण अजून आढळतें.

आमच्या काष्ठौषधींच्या व्यवहारांत पांढरा कुडा निराळा व काळा निराळा. पहिल्याचे इंद्रजव कडू, दुसऱ्याचे गोड. काळा कुडा हा राइटिआच होय. म्हणून बाडांत नुसता 'कुडा' किंवा 'इंद्रजव' आल्यास संपादकांनीं त्यापुढें लातिन नांव घालण्यापूर्वीं कडू कीं गोड हें मागचीं-पुढचीं पानें चाळून ठरवावें, व न ठरल्यास जागा मोकळी ठेवावी.