पेशीपासून परिसंस्थेपर्यंत : खाडीकाठच्या तिवराचा धडा

शालेय जीवशास्त्रात पेशी एका प्रकरणात येते आणि परिसंस्था दुसऱ्या प्रकरणात. त्यामुळे हे दोन निराळे विषय आहेत, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. वस्तुतः सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी पेशी आणि नजरेत न मावणारी खाडी ही एकाच साखळीची दोन टोके आहेत. मांडवीच्या काठावरील खारफुटीत उभे असलेले तिवराचे झाड घेतले, तर ही साखळी कडीकडीने उलगडता येते.

पेशी : जीवनाचे एकक

रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात मधाच्या पोळ्यासारखे कप्पे पाहिले आणि त्यांना ‘सेल’ हे नाव दिले. वनस्पती व प्राणी यांची शरीरे पेशींचीच बनलेली असतात, हा सिद्धांत श्लायडेन व श्वान यांनी १८३८-३९ मध्ये मांडला. पुढे १८५५ मध्ये, प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच निर्माण होते, हे सूत्र विर्शो यांनी प्रसृत केले.

पेशीच्या पटलातून पाणी कमी क्षारांकडून अधिक क्षारांकडे जाते. यास परासरण म्हणतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अशा पाण्यात साधे रोप लावल्यास त्याच्या पेशींतील पाणी बाहेर जाऊन ते कोमेजते. तिवराच्या पेशी मात्र क्षार रिक्तिकांमध्ये साठवतात आणि पेशीद्रवात निरुपद्रवी विद्राव्य पदार्थ तयार करतात. म्हणून खाऱ्या चिखलातूनही त्या पाणी ओढून घेऊ शकतात. या कामासाठी लागणारी ऊर्जा तंतुकणिका पुरवतात आणि त्यांना प्राणवायूची गरज असते.

ऊती आणि अवयव

एकच कार्य करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. अनेक ऊती मिळून अवयव बनतो. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. त्यामुळे तिवराची काही मुळे पेन्सिलीप्रमाणे चिखलातून सरळ वर येतात. ही श्वसनमुळे होत. त्यांच्या सालीवरील छिद्रांतून शिरलेली हवा आतील सच्छिद्र ऊतींतून खालच्या मुळांपर्यंत पोहोचते. पानांतील क्षारग्रंथी जादा मीठ बाहेर टाकतात. शेजारच्या कांदळाने निराळा मार्ग शोधला आहे. त्याची मुळे बहुतेक क्षार आत येऊच देत नाहीत आणि त्याचे बी झाडावर असतानाच अंकुरते.

समष्टी, समुदाय, परिसंस्था

एका ठिकाणच्या सर्व तिवरांची मिळून समष्टी होते. तिवर, कांदळ, चिपी, खेकडे, कोळंबी, निवट्या, बगळे आणि खंड्या यांचा मिळून समुदाय बनतो. त्यात चिखल, ऊन, क्षार आणि भरती-ओहोटी हे अजैविक घटक मिळवले की परिसंस्था पूर्ण होते. ही संकल्पना आर्थर टान्स्ले यांनी १९३५ मध्ये मांडली.

हरितलवकांनी पकडलेली सूर्याची ऊर्जा गळलेल्या पानांवाटे चिखलात उतरते. जीवाणू व बुरशी ती पाने कुजवतात. त्यांवर खेकडे व कोळंबी पोसतात, कोळंबीवर मासे आणि माशांवर पक्षी जगतात. प्रत्येक पायरीवर ढोबळमानाने दहा टक्के ऊर्जाच पुढे जाते. म्हणून मूठभर खंड्यांसाठीही पानांचा मोठा साठा लागतो. १९८८ मध्ये स्थापन झालेले चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचे आहे, तरी तेथील पक्ष्यांचा आधार हीच खारफुटी आहे.

या परिसंस्थेत माणूसही आहे. खाजनांचे बांध आणि भरतीबरोबर मिटणारी, ओहोटीला उघडणारी मानशीची दारे ही गोमंतकीयांची जुनी विद्या. पावसाळ्यात तेथे खारेपणा सोसणारे कोरगुट भात पिकते आणि बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मार कमी करते.

साखळी तुटते तेव्हा

खाडीकाठी मातीचा भराव पडला, तर श्वसनमुळे गाडली जातात. मुळांतील तंतुकणिकांना प्राणवायू मिळत नाही, ऊर्जा आटते, पेशींना क्षार आवरत नाहीत आणि झाड मरते. मग पाने गळायची थांबतात, कोळंबी व मासे घटतात, बांध उघडा पडतो आणि खारे पाणी शेतात शिरण्याचा धोका वाढतो. झाडावर कुऱ्हाड न चालवताही वन नष्ट होऊ शकते, ते असे.

विद्यार्थ्यांनी रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला उतरून ओहोटीच्या वेळी काठ न्याहाळावा. चिखलातून वर आलेली मुळे, कोरड्या दिवशी तिवराच्या पानावर चमकणारे मिठाचे कण आणि झाडाखाली बीळ कोरणारा खेकडा ही तीन निरीक्षणे वहीत नोंदवली, तर पेशी व परिसंस्था ही दोन्ही प्रकरणे एकाच पानावर येतील.